उंबऱ्यावरचं बोट

त्या वर्षी मी आमच्या मनुदेवीचा टाक देवघरात भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली देवीची मूर्ती, तळहाताएवढी. कुळाची देवी ती. तिचं ठाणं सातपुड्याच्या कुशीत, आमच्या गावाहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. चोपडा तालुक्यात आमच्यासारखी कितीतरी घरं तिला मानतात. मीही मानत होते. पण माझं तिच्याशी भांडण झालं होतं आणि मी मुळातच तिखट. माणसाशी भांडले तर तोंड फिरवते, देवीशी भांडले तर तिचं तोंड फिरवलं. आमच्या सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, ते दुसऱ्याच दिवशी पाहिलं. नेहमीप्रमाणे पूजा केली आणि हळद-कुंकू देवीच्या पाठीला लावलं. पुढे कितीतरी दिवस आमच्या देवीची पाठच पूजली जात होती.

भांडणाचं कारण सांगते. आमचे हे, माझे यजमान, त्याच्या आदल्या पावसाळ्यापासून आजारी होते. ताप नव्हता, खोकला नव्हता. झोप गेली होती. जेवायला बसले की ताटाकडे पाहत राहायचे. केळीची बाग त्यांनी स्वतः उभी केली होती, एकेक कंद हातानं निवडून लावला होता. त्या बागेत जाऊन बांधावर बसायचे आणि पाणी दुसऱ्याच वाफ्यात जाऊन वाया गेलं तरी उठायचे नाहीत. घरावर कुणाचं देणं नव्हतं, भावकीत तंटा नव्हता. आम्हाला मूल नव्हतं, पण त्यांनी त्यावरून मला कधी टोचलं नव्हतं; अक्कांनीही नाही. वैद्य झाले, अंगारे झाले, जळगावचा डॉक्टर झाला. मी अनवाणी मनुदेवीला गेले, नाल्याच्या दगडांतून चालत गेले, आणि ओटी भरून म्हटलं, यांना पहिल्यासारखं कर, मी जन्मभर दर चैत्रात अशीच चालत येईन. घरी आले तेव्हा ते ओसरीवर बसून होते. माझे पाय पाहून म्हणाले, "माझ्यासाठी एवढं कशाला?" आणि स्वतः पाणी तापवून आणलं. मला वाटलं, देवीनं ऐकलं.

तिनं ऐकलं नव्हतं. दिवाळीनंतर एका पहाटे ते घरातून गेले आणि त्यांनी आपला जीव आपल्या हातानं संपवला. याहून जास्त मी लिहिणार नाही. ज्यांच्या घरात असं झालं आहे त्यांना लिहायला नको आणि ज्यांच्या घरात झालं नाही त्यांना वाचायला नको.

दुःख म्हणजे काय ते मला तोवर ठाऊक होतं. आई गेली होती, एक भाऊ तापानं गेला होता. पण त्या वेळी माणसं येऊन रडली होती, गेलेल्याच्या गोष्टी सांगत होती. इथे माणसं आली ती कारण शोधायला. कुणी म्हणालं, बाहेरचं काही लागलं. कुणी म्हणालं, बागेला दृष्ट लागली. आणि बायका माझ्यासमोर गप्प बसून विहिरीवर म्हणायच्या, बायको तिखट, दुसरं काय असणार. मी ते ऐकलं आणि घरी येऊन रात्रंदिवस एकच 'का' दळत बसले. जात्यात दाणा नसला तरी दगड फिरतच राहतो, तसं माझं झालं होतं. मी काय बोलले होते, काय बोलायला हवं होतं, त्या पहाटे मला जाग का आली नाही. महिनाभरात लोक कंटाळले आणि मग त्यांनी यांचं नाव घेणंच टाकलं. कापूस वेचताना यांचा विषय निघाला की कुणीतरी खोकायचं. मी तर पत्नी; नवऱ्याचं नाव आमच्यात बायको घेत नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, तेही इतकं पुटपुटत की करवल्या हसल्या होत्या. अक्कांपुरतंच ते नाव उरलं होतं.

अक्का मात्र घ्यायच्या. कशाही वेळी, कशाही कामात. वालाच्या शेंगा सोलताना त्याला वाल आवडत नसे म्हणायच्या, गोठ्याभोवतीची काट्यांची वई पडली तर तो असता तर आज उभी झाली असती म्हणायच्या. नावानिशी, मोठ्यानं, आल्यागेल्यासमोर. समोरच्याची मान खाली जायची. अक्कांची जायची नाही. माझे भाऊ मला माहेरी न्यायला आले तेव्हा मी गेले नाही. लोकांना वाटलं शेतासाठी राहिली. मी राहिले ते त्या घरात ते नाव ऐकू येत होतं म्हणून.

असं करता करता आखाजी आली. इतर मुलखात तिला अक्षय्य तृतीया म्हणतात आणि सोनं घेतात म्हणे. आम्हा खानदेशी लोकांना तो वर्षाचा सगळ्यात मोठा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात. आणि त्याच दिवशी पितरांची घागर भरायची. नवी मातीची घागर पाण्यानं भरून तिच्यावर खरबूज आणि सांजोरी ठेवायची. मग घरच्या माणसानं उंबऱ्यापाशी बसायचं, घरातल्या एकेका गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि कुंकवाचं एकेक बोट उंबऱ्यावर ओढायचं. ज्याचं नाव घेतलं तो त्या दिवशी घरी जेवायला आला असं आम्ही धरतो. त्याच्या नावानं घराबाहेरच्या एका माणसाला ताटावर बसवून पोटभर जेवू घालतो. त्या जेवणाऱ्यालाच पितर म्हणतात; तो जेवला की आपला माणूस जेवला. सासरे गेल्यापासून हे सगळं आमचे हे करत. त्या वर्षी घरात पुरुष उरला नव्हता.

आदल्या दिवशी आबा आले. आबा म्हणजे अक्कांचे जेठ, माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, भावकीतले कर्ते. त्यांनीच यांना लहानपणी वखर धरायला शिकवला होता आणि त्या दिवाळीनंतरच्या पहाटे यांना घरी आणलं तेही त्यांनीच. त्यांना वाईट माणूस म्हणता येणार नाही. ते ओसरीवर उभ्या-उभ्याच आमच्या अहिराणीत बोलले; तिच्यात मना म्हणजे माझा, लेवानं म्हणजे घ्यायचं.

"घागर भरा, माले काही म्हननं नही. पन त्यानं नाव उंबरावर लेवानं नही. असा मरेल मानूस पित्तरसमा बसत नही, दारमाच अडकी ऱ्हास. घरले नडी. नाव लिनं तर भावकीना कोनीबी जेवाले येनार नही."

अक्का दाराआड होत्या, डोक्यावर पदर घेऊन. लग्न होऊन आल्यापासून त्या जेठाशी कधी समोरासमोर बोलल्या नव्हत्या. आमच्यात तशी रीतच नाही. काही सांगायचं तर मुलाच्या तोंडून, मग माझ्या तोंडून. मी आता अक्कांकडे पाहत होते, काय सांगू म्हणून. अक्कांनी मला बाजूला केलं आणि त्या उंबरा ओलांडून ओसरीवर आल्या. पदर डोक्यावर तसाच होता, पण नजर वर होती.

"आबा, तो तापथिन मरता तं तुमी त्यानं नाव टाकतात का? समदासना ताप आंगमा ऱ्हास, त्याना मनमा व्हता. इतलाच फरक. मी मना पोऱ्यानं नाव लिसू. तुमी येवा का नका येवा."

आबा जोडे घालायचेही विसरले आणि हातात घेऊनच गेले. अक्का तिथेच खाली बसल्या आणि म्हणाल्या, "पोरी, पानी दे." मला त्या क्षणी जो अभिमान वाटला तो मी आजही लपवत नाही. सहा महिन्यांत पहिल्यांदा माझी पाठ ताठ झाली.

सणाच्या दिवशी आम्ही दोघींनी सगळं केलं. पुरण वाटलं, खापरावर मांडे टाकले, आमरस काढला. विधवेनं कुंकवात बोट बुडवायचं हीच मुळात काहींना न पचणारी गोष्ट. अक्कांनी ते बुडवलं. सासऱ्यांसाठी नुसतं 'पोऱ्याना बाप' म्हटलं, आजेसासऱ्यांचं नाव घेतलं, मग यांचं. तीन बोटं शेजारी शेजारी. यांचं बोट अक्कांनी जरा जास्त दाबून ओढलं असावं. ते जास्त लाल दिसत होतं. चुलीतल्या निखाऱ्यावर घास आणि तूप टाकलं. ताट वाढलं. आणि मग आम्ही बसून राहिलो.

कुणी आलं नाही. आबांचा शब्द भावकीनं पाळला आणि भावकीचं पाहून गावानं पाळला. गल्लीतून झोक्यावरची गाणी ऐकू येत होती. वैशाखातलं ऊन अंगणात उभं होतं. मांड्यांचे काठ कडक होऊ लागले. शेजारच्या म्हातारीला मी बोलवायला गेले तर ती डोळे पुसत म्हणाली, मना पोटमा दुखस. परत आले तेव्हा अक्का ताटावरच्या माशा पदरानं वारत होत्या. त्या रडत नव्हत्या, पण त्यांचा हात दमलेला दिसत होता. त्यांनी आयुष्यात एकदाच रीत मोडली होती आणि त्यांचा मुलगा, त्यांच्या हिशेबानं, दारात उपाशी उभा होता. माझ्यानं ते बघवेना. मी देवघरात गेले. टाक भिंतीकडेच वळलेला होता. मी तो फिरवला नाही. त्या पाठीकडे बघूनच म्हटलं, यांना बरं करायला सांगितलं ते तुला जमलं नाही. आता एवढं तरी जमव. एक जेवणारा पाठव. हात जोडले की नाही ते आठवत नाही. बहुधा कमरेवरच होते.

आमचं घर गावाच्या टोकाला, सातपुड्याकडून येणाऱ्या वाटेवर. मी ओसरीवर आले तेव्हा अंगणात एक माणूस उभा होता. चाळिशीचा असेल. खांद्यावर घोंगडी, पाय धुळीनं पांढरे. ओळखीचा नव्हता.

"माय, पानी भेटी का?"

अक्का उठल्या आणि घरातलं माठाचं पाणी न देता त्यांनी यांच्या घागरीतलं पाणी तांब्यात ओतून दिलं. तो घटाघटा प्यायला, मग घागरीकडे आणि तिच्यावरच्या खरबुजाकडे त्याचं लक्ष गेलं.

"कोना नावनी घागर शे?"

अक्कांनी नाव सांगितलं. मना पोऱ्या, म्हणाल्या.

"तरना व्हता व्हई. काय व्हयनं त्याले?"

मला वाटलं, आता अक्का ताप म्हणतील. परक्या माणसाला काय कळणार होतं! त्यानं जेवून निघून जायचं होतं. पण अक्का म्हणाल्या, "त्यानं मन आजारी व्हतं, भाऊ. आमले समजनं नही. त्यानी सोताना जीव दिना. गावमाथिन कोनी जेवाले उनं नही. तुले चालत व्हई तं बस, नही तं पानी पीसन जाय."

तो माणूस खाली बसला. ताटावर नाही, तिथेच मातीत. त्यानं घोंगडीत तोंड लपवलं आणि तो रडला. पुरुष माणूस परक्याच्या अंगणात रडतो तसा, आवाज दाबून. आम्ही दोघी उभ्याच. मग तोंड पुसून तो बोलला. तो लांबचा, शिरपूरकडचा होता. त्याचा धाकटा भाऊ असाच गेला होता, पाच-सहा वर्षांपूर्वी. "समदा म्हने, नाव काढू नको. मना मायनी तवयपासून तोंड शिवी लिनं. घरमा त्यानं नावच नही ऱ्हायनं. मी आज देवीना दारमा गयथू, म्हतं तठे तरी नाव लेऊ. पुजारी जवळच उभा व्हता. तोंडमा नावच उनं नही. तसाच माघारी फिरनू."

कोणत्या देवीच्या, हे मी विचारलं नाही. ज्या वाटेनं तो आला होता ती एकाच ठाण्याकडून येते.

मग त्यानं अक्कांना विचारलं, त्याच्या भावाचं नाव त्या घेतील का. अक्कांनी कुंकवाची वाटी त्याच्या पुढ्यात ठेवली. "उंबरा मना शे, पन भाऊ तुना शे. तूच ले." त्यानं बोट बुडवलं. पहिल्यांदा आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला. उखा, तो म्हणाला, आणि आमच्या उंबऱ्यावर यांच्या शेजारी त्याच्या भावाचं बोट उमटलं. त्यानंतर तो हातपाय धुऊन ताटावर बसला आणि जेवला. चांगला जेवला. अक्का वाढत होत्या आणि तो नको म्हणत नव्हता. आमचे हे आजारापूर्वी असेच आमरसाची वाटी तोंडाला लावून संपवत, तशी त्यानं संपवली, तेव्हा अक्का सहा महिन्यांत पहिल्यांदा हसल्या. जाताना त्यानं घोंगडीच्या गाठीतून देवीपुढे फोडलेल्या नारळाची एक कवड काढली आणि अक्कांच्या हातात दिली. तो पुन्हा कधी आला नाही. आम्ही त्याचं गाव विचारलं नाही, नावही विचारायचं राहून गेलं. त्याच्या भावाचं तेवढं ठाऊक आहे.

लोक नंतर म्हणाले, देवीनंच पाठवला. काही म्हणाले, उन्हाचा वाटसरू होता, तहानला होता. दोन्ही खरं असायला माझी हरकत नाही. मी एवढंच सांगते की मी एक जेवणारा मागितला होता आणि मला असा जेवणारा मिळाला ज्याला आमच्याच घरचं ताट हवं होतं. त्या संध्याकाळी मी देवघरात जाऊन टाक सरळ केला. माफी मागितली नाही. घरच्या माणसाशी भांडण मिटतं तेव्हा कोण माफी मागतं! नुसतं समोर बसायचं. तशी मी बसले आणि तिच्यासमोर पोटभर रडले. पुढच्या चैत्रात ओटी घेऊन तिच्या ठाण्यावर गेले तेव्हा खणनारळाबरोबर माझा तो 'का'सुद्धा तिच्या पदरात टाकून आले. म्हटलं, मला काही उत्तर सापडत नाही, तू ठेव. तो कधीकधी परत येतो. मग मी पुन्हा देऊन येते. चालत जाण्याचा नवस मी अजून पाळते. यांच्यासाठी केलेला होता तो, बरे झाले नाहीत म्हणून का मोडायचा?

त्या दिवशी आबा दिवेलागणीला आले होते. ओसरीखालीच उभे राहिले. "कोन जेवनं?" एवढंच विचारलं. अक्कांनी पुन्हा समोर येऊन सांगितलं. आबा उंबऱ्यावरच्या चार बोटांकडे खूप वेळ पाहत होते. दुसऱ्या वर्षी आखाजीला ते बोलावल्याशिवाय आले, हातपाय धुतले आणि यांच्या नावाच्या ताटावर स्वतः बसले. घास घेताना त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायची त्यांनी तसदी घेतली नाही. भावकी मागोमाग आली. आणि हळूहळू दुसरंच घडू लागलं. सणाच्या दिवशी दुपारी बायका आमच्याकडे यायच्या, कुणी जामनेरकडून माहेरपणाला आलेली, कुणी इथलीच. अक्कांजवळ बसायच्या आणि हळूच एक नाव सांगायच्या. ज्याचं घरी घेत नाहीत असं. कुणाची नणंद, कुणाचा बाप. अक्का वाटी पुढे करायच्या आणि म्हणायच्या, तूच ले. आमच्या घराला आखाजीला गावात सगळ्यात जास्त कुंकू लागतं. हे मी मोठेपणानं सांगते आहे, आणि मोठेपणानंच सांगणार.

अक्का गेल्या हिवाळ्यात गेल्या. पिकलं पान होतं, झोपेतच गेल्या. आता जगातली मोठी लढाई संपली आहे, स्वराज्य येणार म्हणतात, आमच्या बागेची केळी जळगावहून आगगाडीनं दूरदूर जातात. या वर्षीच्या आखाजीला घागर मी भरली. उंबऱ्यापाशी बसले. ओसरी माणसांनी भरली होती. आबा आता फार थकले आहेत, काठी टेकत येऊन माझ्यामागेच बसले होते. सासऱ्यांचं नाव घेतलं, आजेसासऱ्यांचं, अक्कांचं घेतलं, बोटं ओढली. उखाचं घेतलं. आणि मग माझं बोट कुंकवात तसंच राहिलं. इतकी वर्षं ते नाव अक्कांनी राखलं होतं आणि मी ते फक्त ऐकलं होतं. बाई म्हणून माझ्या तोंडात ते नव्हतंच.

आबांना ते कळलं. "पोरी, मी लेस त्यानं नाव. तू कशी लेशी?"

एक शब्द बोलले असते तर सुटले असते. पण मला ती ओसरी आठवली, हातात जोडे घेऊन निघालेले हेच आबा आठवले, आणि खाली बसून पाणी मागणाऱ्या अक्का. पदर डोक्यावर ठेवून नजर वर करता येते, हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते. देवघराचं दार उघडं होतं. देवी समोरून बघत होती.

"नही आबा," मी म्हटलं. "मीच लिसू."

मी बोट ओढलं आणि नाव घेतलं. लग्नात घेतलं होतं तसंच, ओठांतल्या ओठांत. मागून आबांची काठी जमिनीवर वाजली.

"आखो एकडाव ले, पोरी. माले कमी आयकू येस."

मग मी मान वर केली आणि घेतलं, गल्लीच्या पार टोकाला जाईल एवढ्या मोठ्यानं. तुळशीराम.